कंदील दिसला, पण कोणाचा?

पावसाळा सरत आला आणि चार दिवस सलग उघडीप मिळाली, की आमच्या गावातून सातपुडा जवळ येतो. उन्हाळ्यात धुळीच्या पडद्याआड नुसती करडी रेघ होऊन राहिलेला तो डोंगर भाद्रपदाच्या अखेरीस इतका स्वच्छ दिसू लागतो, की उतारावरची झाडे मोजावीत असे वाटते, आणि गावात नवखा आलेला पाहुणा हमखास म्हणतो, की सकाळी चालत निघालो तर दुपारपर्यंत पायथ्याला पोचू. डोंगर जागचा हललेला नसतो. हवेतली धूळ तेवढी धुतली गेलेली असते. डोळा अंतर मोजत नाही. तो स्पष्टपणा पाहतो आणि त्यावरून अंतर ठरवून मोकळा होतो. तापीकाठी लहानाची मोठी होताना हे मी दरवर्षी पाहिले होते, पण त्यातला धोका मला उमगला तो पुढे, हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून तीन दशकांहून अधिक काळ नोकरी करताना.

निवृत्त होऊन गावी परतले त्याला आता दोन वर्षे होतील. आमच्या भागातल्या आकाशात शिकाऊ विमानांची घरघर आता नवलाची राहिलेली नाही; कपाशी वेचणाऱ्या बायाही मान वर करून पाहत नाहीत. धाकट्या भावाचा मुलगा असेच विमान चालवायला शिकतो आहे. सुटीच्या दिवशी तो घरी येतो, ओट्यावर बसतो आणि आठवडाभराचे सगळे सांगतो. गेल्या कार्तिकात त्याने सांगितले, की धावपट्टीभोवतीची फेरी पूर्ण करून तो उतरण्यासाठी वळत होता, त्याच्या पुढे आणखी एक शिकाऊ विमान होते, आणि रेडिओवरून त्याला विचारले गेले, की पुढचे विमान दिसते आहे का. त्याने ताबडतोब उत्तर दिले, की दिसते आहे. मग मला म्हणाला, “फुई, खरं सांगू का, मला एक विमान दिसत होतं. तेच पुढचं असणार असं वाटलं.” ते तेच होते, तो नीट उतरला, आणि त्याच्या दृष्टीने गोष्ट तिथेच संपली. मी त्याला त्या वेळी काही बोलले नाही. रात्री मात्र मला झोप लागली नाही.

विमानाने प्रवास करणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते, की जमिनीवर बसलेले कोणीतरी सगळी विमाने एकमेकांपासून दूर ठेवत असते आणि वैमानिक त्याच्या सांगण्याप्रमाणे चालत असतो. बऱ्याच अंशी हे खरे आहे. मोठ्या विमानतळाच्या आसपास रडारच्या आधारे काम चालते तेव्हा दोन विमानांमध्ये आडवे अंतर साधारणपणे ३ ते ५ सागरी मैल, किंवा तेवढे नसेल तर उंचीत १,००० फूट राखावे लागते. आमच्या भाषेत याला सेपरेशन म्हणतात. पुढचे विमान वजनदार असेल तर हे आडवे अंतर आणखी वाढवावे लागते, कारण त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोवरे निघतात, ते मागे खाली खाली उतरत राहतात आणि त्यांत सापडलेले लहान विमान पार उलटू शकते. म्हणून अवजड जातीच्या विमानामागे मध्यम जातीच्या विमानासाठी ५ मैल ठेवतात. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात विमानाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर असतो. त्या वेगाने ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, कापायला सव्वा मिनिटापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. नियंत्रकाच्या हातात असलेला सगळा अवकाश एवढाच.

हवा स्वच्छ असते तेव्हा एक वेगळी सोय उपलब्ध असते. वैमानिकाला विमानतळ किंवा आपल्या पुढचे विमान डोळ्यांनी दिसत असेल, तर यंत्रांनी आखून दिलेल्या लांबच्या मार्गाने न येता त्याला नजरेच्या आधारे उतरण्याची परवानगी देता येते. हाच व्हिज्युअल अ‍ॅप्रोच. पुढचे विमान दिसते असे मागच्या वैमानिकाने एकदा सांगितले, की नियंत्रक त्याला म्हणू शकतो, की त्याच्या मागोमाग ये आणि तुझे अंतर तू राख. हे वाक्य उच्चारले गेले, की क्षणापूर्वी माझ्याकडे असलेली अंतराची जबाबदारी मागच्या वैमानिकाकडे गेलेली असते. आकाशात काहीही बदललेले नसते. दोन्ही विमाने होती तिथेच, होत्या त्याच वेगाने चाललेली असतात. एका शब्दावर इतके मोठे ओझे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तो शब्द असतो ‘दिसते’.

या पद्धतीमुळे इंधन वाचते, वेळ वाचतो, आणि गर्दीच्या विमानतळावर तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या वाढते. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये अवघे ७५० फूट अंतर आहे, आणि त्यांच्यावर दोन दोन विमाने जवळजवळ जोडीने उतरत आली ती वैमानिकांच्या नजरेच्या भरवशावरच. ढग खाली आले की तिथली गती एकदम मंदावते. जगभर अशा रीतीने रोज असंख्य विमाने सुखरूप उतरतात, मीही हजारो वेळा ही परवानगी दिलेली आहे, आणि ती पद्धतच बंद करावी असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे त्या एका शब्दाविषयी आहे.

आणि त्या शब्दाकडे मी वळते तेव्हा मला आठवते ती विमाने नव्हेत, तर कापसाच्या गाड्या.

एकाधिकार कापूस खरेदीचे ते सुरुवातीचे दिवस होते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. केंद्रावर लवकर नंबर लागावा म्हणून गावातल्या दहा-बारा बैलगाड्या मध्यरात्रीच एकामागोमाग निघत. प्रत्येक गाडीच्या खाली, आसाजवळ, एक कंदील बांधलेला असे आणि तो चाकांच्या सावल्या रस्त्यावर हलवत पुढे जाई. मागच्या गाडीने पुढचा कंदील धरून चालायचे, एवढाच नियम होता. बैलांनाही तो ठाऊक होता, त्यामुळे गाडीवाले आळीपाळीने पेंगत. आमची गाडी पुढून तिसरी होती. आप्पा मधून मधून मागच्याला हाक देत, “कंदील दखास का रे?” आणि मागून उत्तर येई, “दखास!” मी कापसात गळ्यापर्यंत रुतून ते ऐकत असे, आणि त्या हाकेने मला फार सुरक्षित वाटत असे.

त्या रात्री एका फाट्यापाशी दुसऱ्या गावच्या गाड्याही येऊन मिळाल्या होत्या. आप्पांनी हाक दिली, उत्तर आले, आणि आम्ही चालत राहिलो. उजाडल्यावर पाहिले तर आमच्या मागे कोणीच नव्हते. चौथ्या गाडीने फाट्यावरून वेगळ्याच वाटेने जाणाऱ्या परक्या गाडीचा कंदील धरला होता, आणि तिच्या मागच्या सगळ्या गाड्या विश्वासाने तिच्यामागे गेल्या होत्या. नुकसान काही झाले नाही. दुपारी ती माणसे केंद्रावर येऊन पोचली आणि त्यांचा नंबर शेवटी लागला. चौथा गाडीवाला शपथेवर सांगत होता, की मी खोटे बोललो नाही, मला कंदील दिसतच होता. आप्पा त्याला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “कंदील दखायना, पन कोना?” पुढच्या खेपेला त्यांनी आमच्या कंदिलाच्या काचेवर लाल चिंधी बांधली, आणि त्यानंतर मागच्याला ते नुसते कंदील दिसतो का असे न विचारता लाल दिसतो का असे विचारू लागले.

अमेरिकेत सॅन डिएगो शहरावर २५ सप्टेंबर १९७८ रोजी जे घडले त्याचा वृत्तान्त मी प्रशिक्षणाच्या काळात पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला हीच रात्र आठवली होती. सकाळची वेळ होती, आकाश निरभ्र होते. पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ विमान १३५ माणसांना घेऊन नजरेच्या आधारे उतरत होते आणि त्याच वाटेवर सेस्ना १७२ जातीचे एक लहान विमान सराव करत होते. नियंत्रकांनी बोइंगच्या वैमानिकांना त्या विमानाची सूचना दिली, वैमानिकांनी ते दिसत असल्याचे सांगितले, आणि अंतर राखण्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. त्यानंतर काही वेळाने ते लहान विमान त्यांच्या नजरेतून निसटले. विमानातल्या ध्वनिमुद्रणात वैमानिक एकमेकांना विचारताना ऐकू येतात, की ते कुठे गेले. पण नियंत्रकाला त्यांनी स्पष्टपणे कळवले नाही, की आता ते आम्हाला दिसत नाही. ते बहुधा आपल्या उजवीकडून निघून गेले असावे, अशा अर्थाचे एक वाक्य रेडिओवर बोलले गेले. नियंत्रकाने ते असे ऐकले, की ते आत्ता उजवीकडून जाते आहे. ‘गेले’ आणि ‘जाते आहे’ यांच्यामधले अंतर मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. एकात विमान दिसत नाही, दुसऱ्यात ते डोळ्यांसमोर आहे. लहान विमान त्या वेळी बोइंगच्या पुढे, किंचित खाली होते, जिथे वरून पाहणाऱ्याला ते शहरातल्या घरांच्या रंगात मिसळून जाते. धडकेचा धोका दाखवणारा यंत्राचा इशारा जमिनीवर वाजला होता, पण वैमानिकाला विमान दिसते आहे या समजुतीपुढे तो मागे पडला. बोइंगमधले १३५, सेस्नातले दोघे आणि जमिनीवरचे सात, असे १४४ जण गेले. चौकशी मंडळाने वैमानिकांवर ठपका ठेवला तो विमान न दिसल्याचा नव्हे, तर दिसेनासे झाल्यावर तसे न सांगितल्याचा. आणि रडारने अंतर राखणे शक्य असताना नजरेवर विसंबण्याची पद्धत वापरली गेली, हेही नमूद केले.

आपल्याकडेही नजरेने केलेल्या ओळखीचा घोटाळा झालेला आहे. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू हे दोन विमानतळ अगदी शेजारी आहेत, आणि त्यांच्या धावपट्ट्याही जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे मोठे विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले आणि तिच्या टोकाबाहेर गेले. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान असेच जुहूवर उतरले होते. दोन्ही वेळी जीव वाचले. धावपट्टी दिसली होती; ती कोणती, एवढाच प्रश्न राहिला होता.

आता माझी गोष्ट सांगते. विमानतळाचे नाव लिहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वीची दुपार होती, पाऊस नुकताच उघडलेला होता, आणि हवा इतकी स्वच्छ होती, की त्या दिवशी कामावरच्या आम्हा सगळ्यांनाच हलके वाटत होते. रांगेत तीन विमाने होती. पहिले धावपट्टीच्या सरळ रेषेत येऊन चार मैलांवर होते. दुसरे एका बाजूने येऊन त्या रेषेकडे वळत होते. तिसरे विरुद्ध बाजूने धावपट्टीला समांतर चालले होते, आणि त्याने दुसऱ्याच्या मागे लागायचे होते. मी तिसऱ्याला विचारले, की तुमच्या पुढचे एअरबस ३२० दिसते का. उत्तर लगेच आले, की दिसते. मी त्याला नजरेच्या आधारे उतरण्याची परवानगी दिली, आपले अंतर आपण राखा असे सांगितले, आणि माझे लक्ष मागून येणाऱ्या चौथ्याकडे गेले.

त्याने पाहिले होते ते पहिले विमान. तेही एअरबस ३२० होते, त्याच कंपनीचे, त्याच रंगाचे, आणि उन्हात लखलखत असल्याने सहज नजरेत भरणारे होते. दुसरे, जे खरोखर त्याच्या पुढचे होते, ते त्याच्याकडे तोंड करून, थोडे खाली, वस्तीच्या करड्या पार्श्वभूमीवर होते. पहिल्याच्या मागची जागा मोकळी आहे असे समजून तिसरा लवकर वळला, म्हणजे दुसऱ्यासाठी राखलेल्या जागेतच शिरला. पडद्यावर माझी नजर परत गेली तेव्हा दोन ठिपके समोरासमोर एकाच रेषेकडे सरकत होते. मी तिसऱ्याला तत्काळ डावीकडे वळून वर चढायला सांगितले, दुसऱ्याला इशारा दिला, आणि अंतर वाढू लागेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता हे मला नंतर कळले. सगळ्यांत कमी अंतर सव्वा मैलाच्या आसपास गेले, आणि उंचीत तीनशे फूट. प्रवाशांना बहुधा एवढेच वाटले असेल, की विमान पुन्हा वर का गेले.

चौकशीत लिहिले गेले, की वैमानिकाने विमान ओळखण्यात चूक केली आणि नियंत्रकाने दिलेली माहिती अपुरी होती. दोन्ही खरे होते. पण मला जास्त लागले ते दुसरे वाक्य, कारण त्यातली चूक माझी होती. आकाशात दोन एअरबस असताना मी ‘एअरबस दिसते का’ असे विचारले होते. त्या प्रश्नाला चुकीचे पण प्रामाणिक उत्तर मिळू शकत होते, आणि ते तसेच मिळाले. आप्पांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी चिंधी बांधून जे सोडवले होते, ते मी शिकून सवरून विसरले होते. त्या दिवसापासून माझी विचारण्याची रीत बदलली. तुमच्या समोर बारा वाजतात असे धरून दहा वाजण्याच्या दिशेला, चार मैलांवर, अडीच हजार फुटांवर, डावीकडून उजवीकडे, धावपट्टीच्या रेषेकडे वळते आहे. त्याच्या पुढे आणखी एक आहे, ते तुमचे नव्हे. एवढे सांगायला सहा-सात सेकंद जास्त लागतात, आणि गर्दीच्या वेळी सहा-सात सेकंद म्हणजे काय हे त्या खुर्चीवर बसलेल्यालाच कळते. तरी मी ते कधी वाचवले नाहीत. शिवाय उत्तराच्या स्वराकडेही मी लक्ष देऊ लागले. माझे वाक्य पुरे होण्याआधीच आलेल्या ‘दिसते’वर मी पुढे कधी परवानगी दिली नाही.

डोळ्याला दोष देऊन काही उपयोग नाही. त्याची घडणच तशी आहे. बारीक तपशील टिपणारा दृष्टिपटलाचा भाग इतका लहान असतो, की एका वेळी जेमतेम एक-दोन अंशांचा टापू स्पष्ट दिसतो. बाकी सारे अंधुक असते, आणि मेंदू ते भरून काढतो. रिकाम्या निळ्या आकाशात नजर ठरायला काही नसले, की ती दूरवर न ठरता एक-दोन मीटरवरच येऊन विसावते. मी एकदा हिशेब मांडून पाहिला होता. एअरबस ३२० च्या पंखांचा विस्तार सुमारे ३४ मीटर. तीन सागरी मैलांवरून, मागून पाहिले, तर तो पुनवेच्या चंद्राच्या व्यासाच्या दोन-तृतीयांशाएवढा दिसेल. पण चंद्राला जाडी आहे, आणि ही नुसती एक बारीक काडी, मध्यभागी एक ठिपका. सुमारे ६० मीटर विस्ताराचे त्याहून मोठे विमान सव्वापाच मैलांवर असले, तर तेही इतकेच मोठे दिसते. म्हणजे जात ओळखू आली नाही तर अंतरही कळत नाही. यांहून मोठा घात म्हणजे, दोन विमाने सरळ वेगाने चाललेली असतील आणि त्यांची धडक ठरलेली असेल, तर समोरचे विमान काचेत एकाच जागी स्थिर राहते. हलणारी वस्तू डोळ्याला लगेच कळते, स्थिर वस्तू कळत नाही. जी आपल्याला आदळणार, नेमकी तीच हलत नाही. बराच काळ ती ठिपक्याएवढीच राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुलते. पाहणे, ओळखणे, धोका उमगणे, ठरवणे, हात चालवणे आणि विमानाने वळणे, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा जुना आडाखा आहे.

यंत्र मदतीला येत नाही का, असे मला नेहमी विचारतात. येते. चरखी दादरीवर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सौदी आणि कझाक विमानांची धडक होऊन ३४९ जण गेले, तेव्हा मला नोकरीत काही वर्षे झालेली होती, आणि त्या रात्री आमच्या खोलीत पसरलेली शांतता मी विसरू शकत नाही. दोघांमध्ये उंचीचे १,००० फूट राखलेले होते, समोरून येणाऱ्या विमानाची सूचना कझाक वैमानिकांना दिली गेली होती, ते दिसल्यावर कळवा असेही सांगितले गेले होते. पण ते विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले. त्यानंतर धडक टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीची झाली. ती फार मोलाची आहे. पण जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या खाली ती ‘चढा’ किंवा ‘उतरा’ अशी आज्ञा देत नाही, कारण तिथे जमीन आणि घरे जवळ असतात. म्हणजे नजरेवर विसंबून उतरताना शेवटी जिथे सगळ्यांत जास्त दाटी होते, तिथे ती जवळजवळ गप्प असते.

वॉशिंग्टनमध्ये २९ जानेवारी २०२५ च्या रात्री हेच झाले. रेगन विमानतळावर ६४ जणांना घेऊन उतरणाऱ्या सीआरजे-७०० विमानाला ऐन वेळी दुसऱ्या धावपट्टीकडे वळून उतरायला सांगितलेले होते. नदीवरून खालून चाललेल्या लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला त्या विमानाची सूचना मिळाली. त्यातून उत्तर आले, की विमान दिसते आहे, आणि आमचे अंतर आम्ही राखू. शहराच्या दिव्यांत, उतरणाऱ्या इतर विमानांच्या दिव्यांत, त्यांना नेमके कोणते दिवे दिसत होते, हा प्रश्न त्यांच्यासोबतच गेला. नियंत्रकाने थोड्या वेळाने पुन्हा विचारले, त्या विमानाच्या मागून जा असेही सांगितले. पण हेलिकॉप्टरच्या रेडिओचे बटण त्याच क्षणी दाबले गेल्याने त्या वाक्याचा तुकडा त्यांना ऐकूच गेला नाही. विमानातल्या यंत्राने धडकेच्या सुमारे वीस सेकंद आधी जवळ कोणीतरी असल्याची सूचना दिली, पण इतक्या कमी उंचीवर आज्ञा द्यायची नसल्याने त्याने पुढे काही सांगितले नाही. हेलिकॉप्टरसाठी त्या भागात २०० फुटांची मर्यादा होती आणि ते तिच्याहून उंच होते. दोन्हींतले मिळून ६७ जण गेले. चौकशीत मागची आकडेवारी काढली गेली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाच्या परिसरात प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर एका सागरी मैलापेक्षा आणि ४०० फुटांपेक्षा जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग निघाले. इतक्या वेळा ‘दिसते’ हा शब्द बरोबर ठरला असेल, म्हणूनच पुढच्या वेळी त्याच्यावर भरवसा ठेवणे सोपे गेले असेल. रात्री, एकमेकांना छेदणाऱ्या वाटांवर, इतक्या कमी उंचीवर, नजरेच्या भरवशावर अंतर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी नोकरीत असतानाही लेखी मांडले होते.

पण नियम कितीही कडक केले, तरी शेवटी एका माणसाला दुसऱ्या माणसाचा शब्द ऐकावा लागतोच, आणि तो शब्द खरा यावा यासाठी ‘दिसत नाही’ हे उत्तर सहज देता येईल अशी परिस्थिती असावी लागते. ती नसते. वैमानिकाला ठाऊक असते, की दिसत नाही असे म्हटले तर आपल्याला रांगेतून काढून लांब फिरवतील, दहा मिनिटे जातील, इंधन जाईल, कंपनी विचारेल. नियंत्रकालाही होकारच हवा असतो, कारण होकार आला की त्याच्या डोक्यावरचा एक भार उतरतो. दोघांनाही एकच उत्तर हवे असते, तेव्हा ते उत्तर फार लवकर येते. काही विमान कंपन्यांनी रात्री नजरेवर विसंबून अंतर राखणे आपल्या वैमानिकांना मनाच केले आहे, आणि त्यापायी त्यांच्या विमानांना ताटकळावे लागले, तरी त्या मागे हटलेल्या नाहीत. मला त्यांचा आदर वाटतो. वैमानिकाला एकट्याने नकार द्यावा लागत नाही, त्याच्या पाठीशी नियम उभा असतो.

पुढच्या रविवारी भाच्याला मी हे सगळे सांगितले. कापसाच्या गाड्यांपासून सांगितले, कारण त्याचे आजोबा त्याने पाहिलेले नाहीत. त्याने मुकाट्याने ऐकले आणि मग विचारले, “पण फुई, दिसत नाही म्हटलं, तर पुन्हा फेरी मारायला लावतात. बाकीची पोरं रेडिओवर ऐकत असतात.” त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. वीस वर्षांच्या मुलाला चारचौघांत ‘मला दिसत नाही’ म्हणणे किती जड जाते, हे मी पुष्कळ मोठ्या वैमानिकांच्या आवाजातही ऐकले आहे. मी त्याला म्हटले, “तू नाही म्हणालास, तर तुझ्या पुढच्या पोराचा जीव तुझ्या अंदाजावर राहत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये तोही असतो.” त्याने मान हलवली, पण त्याला पटले की नाही हे मला कळले नाही.

संक्रांतीच्या आधी तो आला तेव्हा वहिनीने भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. जेवण होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग आत जाऊन लॉगबुक घेऊन आला आणि एका ओळीवर बोट ठेवले. त्या सकाळी पुढचे विमान धुक्यात त्याला सापडत नव्हते, त्याने तसे सांगितले, आणि त्याला वर जाऊन पुन्हा एक फेरी घ्यावी लागली. लॉगबुकात त्या फेरीची वेगळी नोंद नसते. नुसत्या उड्डाणाच्या एकूण वेळेत सात मिनिटे वाढलेली होती.